सौनात बसणं सोपं, उठणं अवघड: बीपी, मधुमेह आणि गरम पाणी

प्रश्न थोडक्यात असा. वय ५८, काही वर्षांपासून बीपी, सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५. मुलगी फिनलंडमध्ये एस्पोला राहते, डिसेंबरात दोघं तिच्याकडे जाणार. तिच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांसाठी सौना, म्हणजे लाकडी पायऱ्यांची कोरड्या गरम हवेची खोली आहे, आठवड्यातून एकदा तासाभराची पाळी मिळते. बसावं का? परत आल्यावर सोसायटीच्या क्लबहाऊसमधली स्टीम, म्हणजे वाफेची खोली, चालेल का? आणि पत्नीला बारा वर्षांचा मधुमेह आहे, तळपाय बधिर वाटतात म्हणून त्या रोज रात्री कढत पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसतात. ते बरोबर आहे का?

आधी उत्तरं. सौनात बसा, पण बीपी ताब्यात असेल तर आणि खालच्या पायरीवर. क्लबहाऊसची स्टीम सौनापेक्षा थंड दिसते, पण शरीराला ती जास्त जड जाते, तिथे वेळ निम्मा करा. पत्नीचं पाय सोडून बसणं आज रात्रीपासून बंद. खाली कारणं देतोय.

८५ अंशांची हवा माणूस सोसतो आणि ८५ अंशांच्या पाण्यात बोटही घालवत नाही, इथून सुरुवात करू. कोरडी हवा उष्णता फार हळू देते, आणि अंगावरचा घाम उडताना बरीचशी उष्णता परत घेऊन जातो. फिनिश सौनात हवा ८० ते ९० अंश असली तरी आर्द्रता १०-२० टक्केच असते. दगडांवर ओगराळंभर पाणी टाकलं की दोन-तीन सेकंदांत कानांच्या पाळ्या आणि खांदे चटकतात. पारा तेवढाच असतो, बदलते ती वाफ. त्वचा ३६ ते ४० अंशांची, म्हणजे त्या वाफेच्या मानाने गारच, म्हणून वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते आणि बसताना आपली सगळी उष्णता अंगात सोडते. मोदकपात्राचं झाकण काढताना मनगटाला जे होतं, तेच इथे सौम्यपणे होतं. या वाफेच्या लाटेला फिनिश लोक 'लॉय्लू' म्हणतात, आणि त्यांच्या लेखी सौना म्हणजे मुख्यतः तीच.

स्टीम रूममध्ये ही लाट सतत चालू असते. हवा ४२ ते ४५ अंशच, पण आर्द्रता १०० टक्के. घाम उडायला जागाच नाही. अंगावरून जे ओघळतं त्यातला बराच भाग घाम नसून भिंतीवर धरतं तसं जमलेलं पाणी असतं. घाम गाळायचा आणि थंडावा मात्र मिळायचा नाही, असा तो तोट्याचा व्यवहार. म्हणून 'सौनात १५ मिनिटं बसतो तर स्टीममध्ये २० सहज' हा हिशेब चुकतो. दोन्ही खोल्यांच्या पाऱ्यांची तुलनाच होत नाही.

आता शरीरात काय होतं ते. पहिल्या काही मिनिटांत त्वचा ४० अंशांच्या आसपास पोचते. आतलं तापमान वाढू नये म्हणून शरीर रक्त त्वचेकडे वळवतं. एरवी हृदयातून निघणाऱ्या रक्तातला पाच-दहा टक्के वाटा त्वचेला मिळतो, सौनात तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. तेवढं रक्त पुरवायला नाडी १००-१२०वर जाते, वरच्या पायरीवर वाफ घेत बसलेल्याची १५०पर्यंतही. भरभर चालताना जितकी होते तितकी, फक्त स्नायू काम करत नसतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे बीपीचा खालचा आकडा उतरतो, वरचा कधी थोडा चढतो, कधी उतरतो. एका बैठकीत साधारण अर्धा लिटर घाम जातो. आतलं तापमान सुमारे एका अंशाने वाढतं. सौनाचे फायदे असोत की तोटे, बहुतेक सगळे या एका अंशातून आणि या वळवलेल्या रक्तातून येतात.

गडबड होते ती उठताना. साध्या खोलीतही माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून पोटात आणि पायांत उतरतं. एरवी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, नाडी वाढवतं, आपल्याला कळतही नाही. सौनातून उठताना त्वचेच्या रक्तवाहिन्या आधीच सताड उघड्या असतात, घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि नाडीला वाढायला जागा कमी उरलेली असते. त्यात अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल ठेवतं आणि टेल्मिसार्टन शरीराचा आवळण्याचा एक मार्ग अडवतं. गोळ्या त्यांचं काम चोख करत असतात, पण त्याच कामामुळे तुमचा सावरण्याचा वेग मंदावतो. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस ओल्या फरशीवर कोसळतो, आणि इजा उष्णतेने न होता डोकं आपटल्याने होते.

म्हणून जाण्याआधी घरी एक तपासणी करा, दोघांचीही. पाच मिनिटं आडवे पडा, बीपी मोजा. उभे राहा, एका मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा खालचा १० किंवा जास्त, तर सौना, स्टीम, गरम पाण्याचा टब यांपैकी काहीच नको. आधी डॉक्टरांना ते आकडे दाखवा, बऱ्याचदा गोळीची मात्रा किंवा वेळ बदलून प्रश्न सुटतो. मधुमेह जुना असेल तर ही तपासणी पत्नीसाठी तुमच्याहून महत्त्वाची, कारण साखरेने ज्या नसा तळपायाच्या बधिर होतात त्यांच्याच जोडीच्या नसा बीपी सावरण्याचं काम करतात. पाय बधिर आणि उभं राहिल्यावर बीपी उतरतं, हे दोन्ही एकाच घरात राहायला येतात.

दुसरी अट: गेल्या दोन-तीन आठवड्यांत घरी मोजलेलं बीपी बहुतेक वेळा १४०/९०च्या खाली असावं, आणि दोन जिने न थांबता, छातीत न दाटता चढता यावेत. १६०/१००च्या वर आकडे येत असतील तर आधी तो प्रश्न सोडवा. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, विश्रांतीतही छातीत दुखणारे, महाधमनीची झडप फार अरुंद झालेले, पायांवर सूज आणि आडवं पडल्यावर धाप असलेले, यांनी आत जायचं नाही. झटक्यानंतर सगळं स्थिरावलं की पुष्कळ जणांना परवानगी मिळते, पण ती त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी द्यायची. ताप, जुलाब, उलट्या असतील त्या दिवशीही सुट्टी.

गोळ्यांबद्दल एक मोठी चूक लोक करतात: सौनात बीपी उतरतं म्हणून त्या दिवशीची गोळी गाळतात. तसं करू नका, उतार तासाभराचा असतो, गोळीचं काम चोवीस तासांचं. सकाळी गोळी आणि संध्याकाळी सौना हे ठीक. यादीत प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी, छातीदुखीची नायट्रेटची गोळी किंवा लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल असेल तर उठल्यावर बीपी कोसळण्याची शक्यता दुपटीने धरून चाला आणि आधी विचारून घ्या. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी हवी तेवढी वाढत नाही, त्यांना खालची पायरी आणि कमी वेळ. वेदनाशामक औषधाची चिकटपट्टी अंगावर लावलेली असेल तर गरमीत तिच्यातलं औषध वेगाने आत जातं, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते आणि ती जिवावर बेतू शकते.

सौनाने आयुष्य वाढतं का, हेही लोक विचारतात, आणि व्हॉट्सॲपवर '६३ टक्के' हा आकडा फिरत असतो. तो आला कुठून ते सांगतो. पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या ४२ ते ६० वर्षांच्या २३१५ पुरुषांवर २० वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं गेलं, निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत अचानक हृदय थांबून होणारे मृत्यू एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळले, एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी. आकडे खरे आहेत, पण तुलना 'एकदा' विरुद्ध 'चार ते सात वेळा' अशी आहे. त्या भागात अजिबात सौना न घेणारा माणूस सापडणंच दुर्मीळ, सुमारे पंचावन्न लाख लोकांच्या त्या देशात सौना सुमारे तीस लाख आहेत. शिवाय जो आजारी, तो आपणहून कमी वेळा जातो. संशोधकांनी वय, धूम्रपान, बीपी, व्यायाम हे हिशेबात धरलं होतं, तरी निरीक्षणाचा अभ्यास तो निरीक्षणाचाच, सौनामुळेच मृत्यू कमी झाले हे त्यातून सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निकाल एका सुरात नाहीत. ७३ अंशांच्या सौनात ३० मिनिटं बसवलेल्या १०२ जणांचं सरासरी बीपी १३७/८२ वरून १३०/७५वर आलं. व्यायामानंतर १५ मिनिटं सौना, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे, असं केलेल्या लोकांचं वरचं बीपी नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ८ अंकांच्या आसपास जास्त उतरलं. उलट हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांवरच्या आठ आठवड्यांच्या एका प्रयोगात रक्तवाहिन्यांची लवचीकता काही सुधारली नाही. माझ्या मते हिशेब असा लावावा: सौना चालण्याच्या जोडीला उपयोगी, चालण्याच्या बदल्यात नाही. बसून नाडी १२० केली म्हणून मांडीचे स्नायू साखर जाळत नाहीत.

घामातून 'विषं' निघतात हे मात्र डोक्यातून काढून टाका. घाम म्हणजे ९९ टक्के पाणी, उरलेलं मुख्यतः मीठ. निचऱ्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि घामाने पाणी कमी झालं तर मूत्रपिंडांचं काम उलट अवघड होतं. काट्यावर कमी दिसलेलं अर्धा किलो दोन पेले पाण्यासरशी परत येतं.

आता एस्पोतली ती पाळी. फिनिश इमारतींत अशा सामायिक सौनाला आधी एक कपडे बदलायची खोली असते, मग शॉवर, मग लाकडी पायऱ्यांची खोली. भट्टी विजेची, वर दगड रचलेले, आणि ती तापायला अर्धा ते एक तास लागतो. पाळीच्या वेळेला बहुधा तापलेलीच मिळते. आत कपडे घालत नाहीत. कुटुंबाची पाळी असेल तर कोण कोणाबरोबर जाणार हे घरात आधी ठरवा, तो संकोच तिथल्या लोकांनाही समजतो, आणि स्वतःच्या पाळीत टॉवेल गुंडाळून बसलात तर कोणी बोलत नाही. कृत्रिम धाग्याचे पोहण्याचे कपडे मात्र नकोत, अंगाला चिकटून चटके देतात.

जेवण दोन तास आधी. अर्धा लिटर पाणी तासाभरात थोडं थोडं करून. घड्याळ, अंगठी, साखळी, मंगळसूत्र, चष्मा सगळं बाहेर. हवा जिथे चटका देत नाही तिथे सोनं देतं, कारण धातू उष्णता भरभर देतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. शॉवर घ्या आणि अंग पुसून कोरडं करा, ओल्या अंगाने घाम उशिरा सुटतो. लाकडावर स्वतःचा छोटा टॉवेल अंथरा, तिथे हा शिष्टाचार आहे आणि तळव्यांना, बैठकीला आडोसाही होतो.

बसायचं खालच्या पायरीवर. तापमापक वरच्या पायरीवर बसलेल्याच्या डोक्याच्या उंचीला असतो, तो ८० दाखवतो तेव्हा खाली ५०-६० असतात. म्हणजे एक पायरी खाली बसणं हे जवळपास वेगळ्याच सौनात बसण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी आठ मिनिटं, घड्याळ बाहेर ठेवलंय म्हणून भिंतीवरच्या वाळूच्या घड्याळाकडे बघा. पाणी टाकायचं तर अर्धं ओगराळं, दगडांवर, कडेच्या तारांवर नाही, आणि हात लांब ठेवून. वाफ आधी वर छताला जाते, तिथून खांद्यांवर उतरते. श्वास नाकातून जाळायला लागला तर तोंडावर ओला रुमाल धरा, नाहीतर सरळ बाहेर या. शेजारचा फिनिश आजोबा वरच्या पायरीवर निवांत बसलाय म्हणून त्याच्याशी स्पर्धा नको. त्याच देशात हेइनोला गावी सौनात जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरायची. २०१० साली ११० अंशांच्या अंतिम फेरीत एक स्पर्धक दगावला, दुसरा गंभीर भाजला, आणि स्पर्धा कायमची बंद झाली.

आणि उठणं. वेळ संपली की ताडकन उभे राहू नका. बसल्या जागी दोन मिनिटं पाय खाली सोडा, टाचा वर-खाली करत राहा, वीस-पंचवीस वेळा. पोटऱ्या आवळल्या की पायांतलं रक्त वर ढकललं जातं. मग कठड्याला धरून उभे राहा, दहा आकडे मोजा, मग दार. डोकं हलकं वाटलं तर पुन्हा बसा, लाज वाटायचं कारण नाही. बाहेर कपडे बदलायच्या खोलीत दहा मिनिटं, पाणी पीत. शॉवर घ्यायचा तो कोमट, हळूहळू गार, आधी पाय मग हात. तब्येत छान वाटली तर आणखी एक फेरी, तीही आठ-दहा मिनिटांचीच. दोन पुरे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेळ १२ मिनिटांपर्यंत न्या, त्यापुढे जायची तुम्हाला गरज नाही. पहिल्या दोन वेळा आधी-नंतर वजन करा. जेवढे ग्रॅम कमी, तेवढे मिलीलिटर पाणी पुढच्या दोन तासांत. मीठ-साखरेचं पाणी लागत नाही, बीपीवाल्यांना जेवणातलं मीठ पुरून उरतं.

बर्फात लोळणं, गोठलेल्या तळ्याच्या भोकात डुबकी, हे तुमच्यासाठी नाही. गार पाणी अंगाला लागताच सैल रक्तवाहिन्या एकदम आवळतात, बीपी उसळतं, श्वास अडखळतो, आणि हृदयाला त्याच क्षणी 'वेगाने चाल' आणि 'हळू चाल' असे दोन हुकूम मिळतात. तिथले लोक लहानपणापासून करतात, तरी त्यांच्यातलेही वय झालं की सोडतात. बिअर किंवा वाइन सौनाआधी आणि मध्ये पूर्ण बंद. फिनलंडमध्ये सौनात होणारे मृत्यू तसे थोडेच, वर्षाला लाखामागे दोनहून कमी, पण त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात दारू असते.

पत्नीही बसणार असतील तर उभं राहण्याची तपासणी नीट आल्यावरच, पाच मिनिटं, पायांत रबरी चपला, तळवे गरम लाकडाला किंवा भट्टीच्या बाजूला न लावता. इन्सुलिन घेत असतील तर सौनाच्या किंवा गरम आंघोळीच्या अगदी आधी टोचायचं नाही. गरमीत ते त्वचेखालून वेगाने शोषलं जातं आणि साखर अचानक उतरते, आणि साखर उतरल्याचा घाम सौनाच्या घामात ओळखू येत नाही. आत जाण्याआधी साखर मोजा, खिशात नाही तर बाहेरच्या टेबलावर ग्लुकोजची बिस्किटं ठेवा.

सोसायटीच्या स्टीमकडे वळू. फिनलंडची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही याचं कारण बाहेरची हवा. तिकडे दार उघडलं की गार हवा शरीराला पाच-दहा मिनिटांत पूर्ववत करते. मुंबईत मे महिन्यात बाहेर ३३ अंश आणि दमटपणा, म्हणजे तुम्ही मोठ्या स्टीम रूममधून लहान स्टीम रूममध्ये येता एवढंच. आतलं तापमान बाहेर आल्यावरही काही काळ चढत राहतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत ठीक, कोकणपट्टीत उन्हाळा-पावसाळ्यात मुळातच टाळा. बसलात तर पाच मिनिटं, एकच फेरी, आणि लगेच नळाचं साधं पाणी अंगावर. जिममध्ये घाम गाळून, पाणी न पिता थेट स्टीममध्ये जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. घाम यावा म्हणून प्लॅस्टिकचा सूट घालून बसणं ही त्याहून मोठी.

खोलीत शिरण्याआधी चार गोष्टी बघा. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का आणि त्याला आतून-बाहेरून कडी नाही ना. तापमापक चालू आहे का. हाकेच्या अंतरावर कोणी आहे का. आणि बाक, फरशी बुळबुळीत किंवा कुबट आहे का. आपल्याकडे नायटा सध्या औषधांना दाद देईनासा झालाय, आणि ओले सामायिक बाक त्याला फार मानवतात. स्वतःचा टॉवेल, नंतर जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या. वाफेत निलगिरीचं तेल भसाभस ओतलेलं असेल तर दमेकऱ्यांनी परत फिरावं.

घरातले तरुण विचारतील म्हणून दोन ओळी. मूल हवंय त्या पुरुषाने काही महिने सौना-स्टीम टाळलेली बरी, वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या उतरते, सोडल्यावर साधारण सहा महिन्यांत पूर्ववत होते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आतलं तापमान ३९ अंशांकडे जाणं गर्भाच्या मज्जारज्जूला घातक ठरू शकतं, म्हणून सौना, स्टीम, गरम टब तिन्ही नकोत. नेहमीची कोमट आंघोळ चालते.

आता पत्नीची बादली, खरं तर या सगळ्यात तातडीचा मुद्दा हाच. बधिर पायाला पाणी किती कढत आहे हे कळत नाही, म्हणून माणूस विसण कमी घालतो आणि 'आज जरा बरं वाटतंय' म्हणत बसून राहतो. ६० अंशांचं पाणी निरोगी मोठ्या माणसाची त्वचा पाच सेकंदांत खोलवर भाजतं, ५५ अंशांचं अर्ध्या मिनिटात, ५० अंशांचं काही मिनिटांत. गिझरचा काटा ६० वर असणं नेहमीचंच. निरोगी माणूस पाय झटकन काढतो, बधिर पायाचा माणूस पंधरा मिनिटं सीरियल बघतो. सकाळी फोड दिसतो, तो फुटतो, मधुमेहात तो भरत नाही, आणि पुढची वाट फार वाईट आहे. भाजलं नाही तरी रोज भिजून टाचांना भेगा पडतात, बेचक्या पांढऱ्या पडून चिखल्या होतात, आणि जंतूंना दार उघडं मिळतं.

त्याऐवजी: पाय रोज कोमट पाण्याने धुवायचे, पाणी पत्नीने नाही तर तुम्ही कोपराने बघायचं, कोपराला जेमतेम ऊन लागेल इतकंच, म्हणजे ३७ अंशांच्या आत. दोन-तीन मिनिटांत धुऊन बाहेर, मऊ फडक्याने बेचक्या टिपायच्या, तळव्यांना आणि टाचांना खोबरेल किंवा साधं मलम, बेचक्यांत काही नाही. तळवा आरशात रोज बघायचा. गरम पाण्याची पिशवी आणि विटेने शेकणं हेही याच यादीत. आणि डॉक्टरांकडे जाऊन १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तळपायांची तपासणी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. बधिरपणावरचा इलाज बादलीत नाही, साखर आणि गोळ्यांत आहे.

झोपेसाठी म्हणून त्या पाय सोडत असतील तर त्यालाही पर्याय आहे. झोपायच्या एक-दोन तास आधी ४०-४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं शॉवर घेतला की झोप साधारण दहा मिनिटं लवकर लागते असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. हातापायांच्या त्वचेत रक्त येतं, आतली उष्णता बाहेर पडते, आणि तापमान उतरू लागलं की डोळे मिटतात. शॉवरचं पाणी कोपराने बघून अंगावर घ्यायचं, पाय त्यात बुडवून ठेवायचे नाहीत. अगदी झोपताना कढत आंघोळ केली तर उलटं होतं.

बादली-तांब्याच्या आपल्या आंघोळीने सौनाचं काम होतं का? नाही. पंधरा-अठरा लिटर पाणी पाच-सात मिनिटांत अंगावरून वाहून जातं, आतलं तापमान फारसं हलत नाही. त्यामुळे फायदाही बेताचा आणि धोकाही. टबची गोष्ट वेगळी. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं, पोटातलं सुमारे पाऊण लिटर रक्त छातीत येतं. हृदय कमजोर असलेल्याला तिथेच धाप लागू शकते, आणि उठताना तो दाब एकदम निघतो. जपानमध्ये हिवाळ्यात टबमध्ये वृद्ध बुडून मरण्याचं प्रमाण इतकं आहे की तिथली सरकारी यंत्रणा दरवर्षी सांगते: पाणी ४१ अंशांच्या आत, दहा मिनिटांच्या आत, कपडे बदलायची खोली आधी उबदार करा, हळू उठा. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा राजापूर-दापोलीकडच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर छातीभर कुंडात उतरणाऱ्यांनी हेच चार नियम पाळावेत, आणि डोकं बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. दापोलीजवळ उन्हवऱ्याला झऱ्याचं पाणी मुळाशी ७० अंशांच्या आसपास असतं, तिथे मूळ झऱ्यात पाय घालून बघायचा नाही.

एक गोष्ट नेहमी चुकीच्या खात्यात टाकली जाते. बंद न्हाणीघरात, गॅस गिझर चालू असताना कोणाला भोवळ आली, डोकं दुखलं, झटका आल्यासारखं झालं, तर 'पाणी फार कढत होतं' असं म्हणून सोडू नका. तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट चिवटपणे रक्ताला धरतो. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद, खिडक्या उघड्या, आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात न्या. असा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेशी जोडलेल्या जागी हवा. आतल्या भिंतीवर असेल तर हलवून घ्या.

सौनात किंवा स्टीममध्ये कोणी कोसळलं तर त्याला धरून उभं करू नका, खुर्चीतही बसवू नका. काखेत धरून थंड जागी ओढा, आडवं करा, पाय फूटभर वर. साधी भोवळ असेल तर दोन मिनिटांत माणूस नीट बोलायला लागतो, मग कुशीवर, मग बसवून पाणी. बरळत असेल, झटके येत असतील, अंग तापलेलंच असेल तर तो उष्माघात समजा: अंगावर भरपूर गार पाणी, जोरात वारा, तोंडात काही घालायचं नाही. तसं असेल किंवा छातीत दुखत असेल तर लगेच फोन, इथे १०८ आणि एस्पोत ११२. तळघरात मोबाइलला रेंज नसण्याची शक्यता असते, ते पहिल्याच दिवशी मुलीला तपासून ठेवायला सांगा.